परवाना लागत नाही असा धंदा

तरुणांनी नोकरीमागे न धावता उद्योजक व्हावं, असं प्रत्येक पुढारी सांगतो. कशाचे उद्योजक, ते मात्र गुलदस्त्यात. ती उणीव आज आम्ही भरून काढतो. मुबलक मिळणारा कच्चा माल म्हणजे कर्जबाजारी माणूस. धंदा त्याच्यावरच उभारायचा.

पहिला पर्याय सावकारीचा. त्याला २०१४च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याचा परवाना लागतो. परवाना काढलात की मेलात! बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला फार तर १८ टक्के, चक्रवाढ बंद, आणि एकूण व्याजाने मुद्दल ओलांडायचं नाही. एवढ्यात कुणाचे इमले उठलेत? म्हणून जाणकार परवान्याच्या फंदात पडत नाहीत. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कैदेचं वकील बघतील, दंडाचा हिशेब आपण करू. महिना शेकडा दहाने ५ लाख दिले, तर ५०,००० म्हणजे एका गिऱ्हाइकाचं एका महिन्याचं व्याज. सरकारने दंड ठरवताना धंद्याला धक्का लागू नये याची केवढी काळजी घेतलीय!

पण कटकटी आहेतच. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात कुळांनी सावकारांचे कर्जरोखे पेटवले होते. हल्ली काही पेटवत नाहीत, अर्ज करतात. मग धाड पडते, कपाटातून सह्या घेतलेले कोरे धनादेश निघतात, आणि कर्जापोटी १५ वर्षांत लिहून घेतलेली जमीन जिल्हा उपनिबंधक परत देऊ शकतो. इतकी वर्षं मशागत करून शेवटी हे!

त्यापेक्षा दुसरा पर्याय घ्या: कर्जमुक्ती कंपनी. इथे पैसे द्यायचे नसतात, नुसते घ्यायचे असतात. मोबाइलवर जाहिरात टाका, ‘हप्ते थांबवा, बाकी आमच्यावर सोडा!’ गिऱ्हाईक ईएमआय थांबवतं, आपली फी आगाऊ भरतं. पुढे वसुलीवाल्यांचे फोन त्यालाच येतात, आपल्याला नाही. तडजोड झालीच, तर त्याच्या पतअहवालात ‘सेटल्ड’चा शेरा बसतो आणि पुढचं कर्ज देताना बँक तोंड फिरवते. म्हणजे माणूस खरोखरच कर्जमुक्त!

हाच धंदा ब्रिटनमध्ये करू नका. तिथे २०१४पासून अशा कंपन्या वित्तीय नियामकाच्या ताब्यात आहेत. मंजुरीविना दुकान थाटलं तर २ वर्षांपर्यंत तुरुंग आणि दंडाला कमाल मर्यादाच नाही. अमेरिकेने २०१०मध्ये फोनवरून गिऱ्हाईक गाठणाऱ्यांची आगाऊ फीच बंद केली. आपल्याकडे वडापावच्या गाडीलाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, पण दुसऱ्याचं कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्यासाठी वेगळा परवानाच नाही. जो परवानाच नाही, तो मोडल्याची शिक्षा कोण देणार? डिसेंबर २०२४मध्ये केंद्राने बेकायदा कर्जवाटपाविरुद्ध विधेयकाचा मसुदा काढला. ७ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. पण तो मुख्यतः कर्ज देणाऱ्यांसाठी. आपण कुठे कुणाला दमडी देतो?

तेव्हा भाड्याची खोली, काचेचं टेबल आणि टाय लावलेला एक भाचा एवढ्या भांडवलावर लागा कामाला. आगाऊ फी एकरकमी देणं गिऱ्हाइकाला जड जात असेल, तर हप्ते बांधून द्या. त्याला सवय आहे.