वीजबचतीचा जाहीर सत्कार

ब्रेक लाइटचा 21 वॉटचा जुना बल्ब काढून 3 वॉटचा एलईडी बसवणाऱ्यांचे करावे तेवढे कौतुक थोडेच. बचत इतकी, की बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्युटरला बल्ब उडाल्याचाच संशय येतो आणि डॅशबोर्डवर इशारा झळकतो. मग त्याची समजूत काढायला 6 ओहमचा सोनेरी रेझिस्टर जोडतात. काम एकच, वाचलेली वीज जाळणे. प्लास्टिकला टेकवू नका, वितळेल. घरीही हेच करावे: एलईडी लावला, की शेजारी इस्त्री चालू ठेवावी. मीटरला करमायला नको का?

एका चिकित्सक गिऱ्हाइकाने हिशेब मांडला: 12 व्होल्टला रेझिस्टरचे 24, एलईडीचे 3, एकूण 27 वॉट. वायरमन शांतपणे म्हणाला, “साहेब, वरचे सहा स्टाइलचे.”