हवाई काका

नवी मुंबईच्या प्रत्येक नोडमध्ये एखादे हवाई काका असतातच. वय साठीपुढे, निवृत्ती ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुठल्याशा कारखान्याच्या मेंटेनन्समधून, कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये जडलेलं एरोमॉडेलिंगचं वेड आणि बोटांना कायम टू-टी ऑइलचा वास. बाल्कनी कपडे वाळत घालण्यासाठी असते, हे काकूंचं मत. काकांच्या लेखी ते वर्कशॉप.

काकांची नजर वाईट. माणसांवर नव्हे, गवत कापायच्या मशीनवर. पावसाळा सरता सरता मोकळ्या प्लॉटवर ग्रास कटर घुरघुरू लागला, की काका कुंपणाशी हजर. "किती सीसी? सव्वीस? अरे, वाया घालवताय!"

त्यांचंही खरं आहे. विमानाचं खास इंजिन परदेशी आणि महाग. त्याला मिथेनॉल आणि एरंडेल पाजायचं, तर ते मिळवता मिळवता जीव मेटाकुटीला. ग्रास कटर मात्र पेट्रोलवर चालतो. लुनाला घालायचो तसं तेल मिसळलं की झालं. शिवाय कार्बोरेटर डायफ्रामचा. त्यात फ्लोट नाही, म्हणून आडवं धरा, उलटं धरा, पेट्रोल तुटत नाही. "चेतक आडवी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही," काका सांगतात, "आणि हे आकाशात आडवं झालं तरी बंद पडत नाही!"

काकूंच्या भावाने आंब्याच्या बागेसाठी घेतलेला कटर "जरा सर्व्हिसिंगला" म्हणून रत्नागिरीहून आला, तो गेलाच नाही. आधी क्लच निघाला, मग दोरीचा स्टार्टर, मग कव्हर. फ्लायव्हील रबाळ्याच्या लेथवर गेलं. त्याची पाती उतरवली, कारण गार करायला प्रोपेलरचा वारा आहेच. चुंबक राहू दिलं, कारण ठिणगी त्याच्यावर. लेथवाल्याने विचारलं, "काका, हे कशाचं?" काका छाती फुगवून म्हणाले, "विमानाचं." त्याने मजुरी दुप्पट सांगितली. तेव्हापासून काका "पंपाचं" म्हणून सांगतात.

चाचणी रविवारी, काकूंच्या शिलाई मशीनच्या टेबलावर इंजिन बोल्टने आवळून. मॅग्नेटोला वेग नसेल तर ठिणगी पडत नाही, म्हणून प्रोपेलर हाताने जोरात फिरवायचा. तो उलटा फिरला की बोट शेकतं. काकांच्या तर्जनीवरची चिकटपट्टी आम्ही कधी उतरलेली पाहिली नाही. मग एकदाचं इंजिन लागतं. सेक्रेटरी धावत येतात, "काका, पाण्याचा पंप जळला का?" खालचे लोक डासांची फवारणी आली समजून खिडक्या लावून घेतात. काका डोळे मिटून म्हणतात, "ऐका, आयडलिंग ऐका!"

विमान उडतं का? उडतं. पण एका सिलिंडरचे हादरे असे, की वर गेलेले सगळे स्क्रू खाली येतीलच याची खात्री नाही.

८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. सोसायटीत पेढे वाटले, फ्लॅटचे भाव मनातल्या मनात वाढले. सुतक फक्त काकांना. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवायची सोय नाही. म्हणजे उलवे गेलं, बेलापूर गेलं, खारघर गेलं. "त्यांना ३,७०० मीटरची धावपट्टी लागते," काका कळवळून म्हणाले, "मला पन्नास मीटर पुरत होती!" आता मागच्या सीटवर पंख आडवे टाकून ते कर्जतच्या बाजूला जातात.

तेव्हा गावच्या बागेसाठी घेतलेला ग्रास कटर बिघडला, तर सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. हवाई काका फुकटात करून देतो म्हणतील, आणि काम उत्तम करतील यात शंका नाही. पण मग गवत कापायला विळा तुम्हालाच शोधावा लागेल.