दादा, माझा पगार कुठल्या खात्यात धरलास?

दादा,

हे पत्र खुलं लिहितेय, कारण खासगीत विषय काढला की तू "आईच्या सेवेचे पैसे मोजायचे का?" म्हणतोस आणि फोन ठेवतोस. हो, मोजायचे. एका कंपनीच्या हिशेबखात्यात मी काम केलंय, मोजणं मला येतं. आणि तुझ्यामाझ्यासारखी भावंडं मिरजेच्या गल्लोगल्ली आहेत, त्यांनीही हे वाचावं.

आईला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा तू बंगळुरूहून रातोरात आलास, आयसीयूचं बिल भरलंस. ते मी कधी नाकारलं नाही. पण डिस्चार्जच्या दिवशी लिफ्टपाशी उभं राहून तू म्हणालास, "तुझी नोकरी काय, पुन्हा मिळेल." त्या एका वाक्यावर घरातला सगळ्यात मोठा आर्थिक निर्णय झाला. मला कुणी विचारलं नाही. बाप असून नानांनी मान खाली घातली, मी राजीनामा लिहिला, आणि तू संध्याकाळची गाडी पकडलीस.

काय गेलं ते ऐक. पगार गेला, तो सगळ्यांना दिसतो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, ती भरायला थोडेच महिने उरले होते, तीही गेली. माझ्या पगारातून १२ टक्के पीएफ कापला जायचा आणि मालकही तेवढेच घालायचा, ते दोन्ही थांबलं. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, त्या वाटेवर मी मध्येच उतरले. आता चाळिशी ओलांडल्यावर मुलाखतीला गेले तर समोरचा पहिल्यांदा विचारणार, "मधली वर्षं काय करत होता?"

काय करत होते ते सांगते. आईच्या नाकात नळी आहे. पेज शिजवायची, मिक्सरला फिरवायची, दोनदा गाळायची, कारण एक शीत अडकलं तरी नळी बदलायला दवाखाना गाठावा लागतो. तिला उशांना टेकवून बसवायचं, नळी जागेवर आहे ना ते पाहायचं, मग सिरिंजने आधी पाणी, मग पेज, पुन्हा पाणी. हे सगळं हळूहळू, कारण घाई केली की ठसका लागतो आणि पेज फुप्फुसात जाण्याची भीती. त्यानंतर अर्धा तास तिला आडवं करायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर कमरेला जखम होते. एकदा झाली होती. ती भरून यायला किती ड्रेसिंग लागली ते तू फोटोत पाहिलंस आणि खाली हात जोडलेलं चित्र पाठवलंस.

नर्सिंग ब्युरोवाल्याला मी विचारलं होतं. बारा तासांच्या बाईचा त्याने सांगितलेला आकडा माझ्या पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता, आणि ती नळीला हात लावणार नव्हती. त्यासाठी सिस्टर वेगळी, तिचे पैसे वेगळे. रात्रपाळीचे आणखी वेगळे. या कामाला बाजारात भाव आहे, दादा. घरातली बाई करते तेव्हाच तो शून्य होतो.

तू दर महिन्याला पैसे पाठवतोस. औषधं, डायपर, फिजिओथेरपी त्यातून भागतं. ते आईचे पैसे आहेत, माझे नाहीत. मी नानांच्या पेन्शनवर जेवते. साखर कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाची ईपीएस-९५ ची पेन्शन किती असते ते तुला माहीत आहे, तिची किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपयांवर अडली आहे. गेल्या उन्हाळ्यात दाढ दुखत होती, तेव्हा रूट कॅनलचे पैसे नानांकडे मागताना मला काय वाटलं असेल? आईवडिलांच्या मेडिक्लेमचा हप्ता तू भरतोस आणि जुन्या करप्रणालीत राहून ८०डी खाली ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट घेतोस. तुझा तो हक्क आहे. पण ज्याने आईवडिलांसाठी पैसे दिले त्याला सवलत आणि जिने अख्खा पगार दिला तिला काहीच नाही, ही गोष्ट तुला एकदाही खटकली नाही?

सरकारलाही खटकत नाही, हे मान्य. वहिनी केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत, त्यांना मुलांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, आणि मिळायलाच हवी. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी तशी वेगळी रजा तिथेही नाही, आपली अर्जित रजा वापरा म्हणतात. माझ्यासारख्या खासगी नोकरीवालीला तेवढंही नाही. जपानमध्ये नोकरदाराला घरच्या माणसाच्या देखभालीसाठी ९३ दिवस सुट्टी आणि त्या काळात पगाराच्या ६७ टक्के रक्कम रोजगार विम्यातून मिळते. तेवढं लांब नको. केरळच्या आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवले आहेत. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणारं माणूस तिथे निदान सरकारी कागदावर आहे. आपल्याकडचा २००७ चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा महिना १०,००० पर्यंत देववतो, तोही म्हाताऱ्या माणसाला, आणि त्यासाठी आईने प्रांतांच्या न्यायाधिकरणात तुझ्याविरुद्ध अर्ज करायचा. ती तसं कधी करणार नाही. हे तुला पक्कं ठाऊक आहे.

मुलगीही आईवडिलांना जबाबदार आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये दिला, हे तूच मला पाठवलं होतंस. जबाबदारी मला मान्य आहे. मग दिवाळीत आजोबांच्या शेताच्या सातबाऱ्यावरून माझं नाव कमी करायला हक्कसोडीचा मसुदा कशाला आणलास? २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. वकिलाने तुला तेही सांगितलं असणार.

त्या मसुद्यावर मी सही करणार नाही.

आता माझं मागणं. माझ्या शेवटच्या पगाराचा निम्मा भाग दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या खात्यात, आईच्या पैशांपासून वेगळा. उरलेला निम्मा माझा वाटा, तो मी सोसतेय. पीएफची जी रक्कम बुडते तिचा निम्मा भाग माझ्या पीपीएफमध्ये. माझा आरोग्यविमा. आणि वर्षातून पंधरा दिवस तू इथे राहायचं, नळी, डायपर, रात्रीची कूस सगळं स्वतः करायचं. मी त्या दिवसांत घरात नसेन.

गणपतीला येशील तेव्हा नानांसमोर हे कागदावर घेऊ. ५०० चा स्टॅम्पपेपर मी आणून ठेवते. येताना माझी जुनी पगाराची स्लिप मागू नकोस, तुला आजच पाठवली आहे.

तुझी,
धाकटी