उठा, शेजारच्या खोलीत जा

सेशन कंटाळवाणं होत असेल तर उठून जावं. मधूनच, सगळ्यांच्या देखत. बारकॅम्पसारख्या संगणकवाल्यांच्या मेळाव्यात तो उद्धटपणा ठरत नाही, तिथला नियमच तसा आहे. हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांनी १९८५ साली ‘ओपन स्पेस’ पद्धतीच्या बैठका सुरू केल्या, त्यातून हा दोन पायांचा कायदा आला. जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून चालू पडा.

पुणेकरांना हा कायदा जड जातो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आभारप्रदर्शन होईपर्यंत खुर्ची न सोडण्याचं वळण या शहराला आहे. वळण चांगलंच आहे. पण व्याख्यानमालेचा वक्ता कुणीतरी पारखून बोलावलेला असतो. बारकॅम्पमध्ये सकाळी भिंतीवर विषयाची चिठ्ठी लावेल तो वक्ता. एकाच वेळी अनेक खोल्यांत बोलणं चालू असतं आणि कोणतं चांगलं, हे आधी ठरवणारं कुणी नसतं. ते काम श्रोत्याचं आहे. तो संकोचाने बसून राहिला तर रटाळ विषयाला गर्दी होते आणि शेजारच्या खोलीत एखादी मुलगी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तीन माणसांना दाखवत बसते.

बारकॅम्पची सुरुवातच निमंत्रणाच्या विरोधात झाली. ओरायली या प्रकाशन संस्थेचा ‘फू कॅम्प’ फक्त बोलावलेल्यांसाठी असे. न बोलावलेल्यांनी ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत, आठवड्याभराच्या तयारीत, आपला पहिला बारकॅम्प भरवला. दार सगळ्यांना उघडं, पण नुसता प्रेक्षक म्हणून कुणी यायचं नाही, ही अट. पुढे तो जगभर गेला. पुण्यातही मॉडेल कॉलनीत, सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत भरला. मला ती अट सगळ्यात मोलाची वाटते, आणि आपल्याकडे मोडली जाते तीही नेमकी तीच. स्टिकर घ्यायचे, टी-शर्ट घ्यायचा, प्रमाणपत्राची चौकशी करायची, समोसा खाऊन घरी जायचं. एवढ्यासाठी शनिवार घालवू नये.

बोलणाऱ्यांनाही सांगायला हवं. पहिल्या सात स्लाइड कंपनीच्या ओळखीत जात असतील आणि शेवटची ‘आम्ही भरती करत आहोत’ असेल, तर मधल्या वेळात खोली रिकामी होणं योग्यच आहे. दीपप्रज्वलन, शाल आणि श्रीफळ इथे आणूच नका. त्या अर्ध्या तासात पाच-पाच मिनिटांचे सहा लायटनिंग टॉक होतात. त्यात कुणी आपला सर्व्हर रात्री का कोसळला हे सांगतं, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

प्रश्नांची वेळ तर जपून वापरण्याची गोष्ट. ब्रसेल्सला दरवर्षी हिवाळ्यात ‘फॉसडेम’ हा ओपन सोर्सवाल्यांचा मेळावा भरतो. प्रवेश फुकट, नावनोंदणीसुद्धा नाही, हजारो माणसं येतात आणि खोली भरली की दारावर तशी पाटी लागते. तिथली भाषणं नंतर घरबसल्या पाहता येतात. मग माणसं एवढा प्रवास का करतात? समोरासमोर विचारता यावं म्हणून. आपल्याकडे माइक हातात आला की ‘प्रश्न नाही, एक मुद्दा मांडतो’ म्हणत पाच मिनिटं स्वतःचंच भाषण सुरू होतं आणि मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्याचा साधा, नेमका प्रश्न राहून जातो. माइक आधी त्याला द्या.

चहाच्या वेळीही त्याला विसरू नका. एरिक होल्शर या प्रोग्रॅमरने सुचवलेला पॅकमॅनचा नियम असा: घोळक्यात उभे असाल तेव्हा, पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखी, एका माणसाची जागा मोकळी ठेवा. जुन्या मित्रांचं कडं करून उभं राहिलं की नांदेडहून रात्रीच्या गाडीने आलेला मुलगा भिंतीशी मोबाइल बघत उभा राहतो आणि पुढच्या वर्षी येत नाही.

आणि भाषा. कॉरिडॉरमध्ये डेटाबेसवर झकास मराठीत वाद घालणारी माणसं खोलीत शिरली की अडखळत्या इंग्रजीत बोलतात. समोर परप्रांतीय असतील तर इंग्रजी बोला, हिंदी बोला. पण बसलेले सगळे आपलेच असतील तर मराठीत बोलायला काय हरकत आहे? सर्व्हर सर्व्हरच राहू दे, क्वेरी क्वेरीच. वाक्य तेवढं आपलं असू दे. मागच्या रांगेतले हात लगेच वर येतात.

तेव्हा पुढच्या मेळाव्याला जाल, तर पाच मिनिटांचा एक विषय तयार ठेवून जा आणि सकाळीच भिंतीवर चिठ्ठी लावा. तुमच्या सेशनमधून दोघे उठून गेले तर राग धरू नका. बसलेल्यांशी बोला.