सी-फेसिंग अण्णा

जुलैत कोकणात सहलीला येणाऱ्यांकडे तिथले लोक ज्या नजरेने बघतात, तिच्यात कणव असते आणि थोडा हिशेबही असतो. पण पावसाळ्यात खोली निम्म्या दरात मिळते हे मला एकदा कळलं, की घरात दुसऱ्या कुणाचं काही चालत नाही. ‘सवलत दिसली की ह्यांचा विवेक रजेवर जातो,’ हे बायकोचं वाक्य. ते तिने दापोलीपर्यंत प्रत्येक वळणावर म्हटलं. वळणं पुष्कळ आहेत.

रिसॉर्ट मुरूडला होतं. दापोलीजवळचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे. हा खुलासा ड्रायव्हरला माणगावात करावा लागला, तेव्हा तो जंजिऱ्याकडेच वळत होता.

“मासे काय आहेत?” पोचल्या पोचल्या मी विचारलं.

“बंदी आहे ना साहेब,” मॅनेजर म्हणाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. मासळीच्या विणीचा काळ. म्हणजे हर्णै बंदरातला लिलावही बंद. सुवर्णदुर्ग लांबूनच बघायचा. पोहण्याचा तलाव उघडा होता, पण त्यात बेडूक आधीपासून उतरलेले होते. जेवायला पनीर आणि मंचुरियन. तेही उशिरा, कारण आचारी भातलावणीला गेला होता. वेटर लावणीला, माळी लावणीला. उरलेला एकटा मॅनेजर सगळ्यांच्या वतीने दिलगिरी व्यक्त करत होता.

हे सगळं मी गिळलं. पण खोलीच्या गॅलरीतून काळी टाकी, जनरेटर आणि त्यावर भिजलेला कावळा एवढंच दिसल्यावर मी पावती काढली. तिच्यावर ‘सी-फेसिंग’ असं स्वच्छ छापलेलं होतं.

मॅनेजर काही न बोलता आम्हाला बाथरूममध्ये घेऊन गेला आणि त्याने वरच्या झरोक्याकडे बोट दाखवलं. “इथून फुल व्ह्यू.”

मी टाचा उंचावल्या. मला टाइल्सचा फुल व्ह्यू मिळाला.

“उंच माणसाला दिसतो,” तो शक्य तितक्या नम्रपणे म्हणाला. माझी उंची आईवर गेली आहे. हा विषय आमच्या घरात लग्नाच्या बैठकीपासून चर्चेत आहे आणि अजून मिटलेला नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मात्र सहा फूट. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. मोजमाप पुस्तकात स्वतः पाहिल्याशिवाय एक आकडा लिहिला नाही, हा त्यांचा अभिमान. “बाजूला व्हा, मी तपासतो,” म्हणून ते आत गेले आणि सवयीने दार लावून घेतलं.

ते पुन्हा उघडलं नाही.

आतून ओढून पाहिलं, तर मूठच अण्णांच्या हातात आली. बाहेरून मी खांदा लावला, तर मॅनेजर कळवळला, “हळू साहेब, दार नवीन आहे!” सुतार कुठे आहे हे विचारायची गरजच नव्हती. लावणीला.

“घाबरू नका,” आतून अण्णांचा आवाज आला. “दार फुगलंय. लाकूड हवेतली ओल पितं. पण ते उभं वाढत नाही, आडवंच वाढतं!”

बायकोने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मुलगी हसली. मी कावळ्याकडे पाहू लागलो.

एव्हाना अण्णांच्या चहाची वेळ उलटून गेली. दाराखालून कप जात नाही. मुलीने पापड सुचवला, पण तो भाजणार कोण? शेवटी आईच्या पिशवीतून फणसपोळी निघाली. कोकणच्या बायकांनी हा पदार्थ एवढा पातळ का थापला असेल, याचा उलगडा मला तिथे झाला. कागदात गुंडाळलेल्या पोळ्या एकेक करून फटीतून आत सरकू लागल्या.

मी फेऱ्या मारत चिडचिड करत होतो. एवढा खर्च, एवढा प्रवास, आणि पदरात काय!

“अरे, याच गावातून कर्वे परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले होते,” दारामागून आवाज आला. “आणि लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. पावसात पुन्हा घरी!” पुढे ते महर्षी झाले, १९५८ साली शंभरीच्या उंबरठ्यावर भारतरत्न झाले, हे मलाही ठाऊक होतं. पण लहान दिसण्यावरून नाकारलं जाणं ही गोष्ट आमच्या घरात माझ्याइतकी कुणालाच कळली नसती.

मग जनरेटर बंद पडला आणि एकदम शांत झालं. आई प्लास्टिकचं स्टूल ओढून दाराला पाठ लावून बसली. गुडघ्यांमुळे तिला वाळूत उतरता येत नाही. समुद्राचा हट्ट खरं तर तिचा होता.

“अहो, काय दिसतंय?”

“समुद्र.”

“तो माहितीय. कसा दिसतोय?”

अण्णा जरा थांबले. उभ्या आयुष्यात त्यांनी पूल आणि मोऱ्या सोडून कशाचं वर्णन केलेलं नाही. “गढूळ आहे. भरती चढतेय. डावीकडून एक मोठी येतेय... आली... फुटली. सुरूच्या झाडांपर्यंत फेस आलाय. आता दुसरी.” आणि ते लाटेमागून लाट सांगत राहिले. आई “हं” म्हणत राहिली. मुलीने मोबाइल खाली ठेवला. माझी मागण्यांची यादी हातात तशीच राहिली.

अंधार पडायच्या सुमारास सुतार आला, गुडघ्यापर्यंत चिखलात. त्याने वर तळहाताचा एक दणका दिला, खाली टाचेचा दुसरा. दार उघडलं, चौकटीची पट्टी निखळून पडली आणि अण्णा मूठ हातात घेऊन बाहेर आले.

“एवढी काय घाई होती?” आई सुताराला म्हणाली.

निघताना बिलात ‘दार दुरुस्ती’ अशी नवी ओळ आली. मी बाह्या सरसावल्या. मासे नाहीत, तलाव नाही, समुद्र नाही! अण्णांनी चष्मा लावून बिल वाचलं. “दुरुस्तीचा दर वाजवी आहे. आणि समुद्राचे पैसे कापायचे नाहीत. मी स्वतः तपासलाय.” त्यांनी पूर्ण पैसे दिले, वर पावती मागून घेतली.

मॅनेजर गाडीपर्यंत पोचवायला आला. “पुढच्या वेळी नवीन दार बसवून ठेवतो, आजी.”

“खोली तीच द्या,” आई म्हणाली. “दार राहू दे.”