अंधारेकाका

काकांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण रात्री ते वाचता येत नाही, कारण पाटीवरचा दिवा काकांनी स्वतःच काढून टाकलाय. दिवसा कुणी वाचायला जात नाही. त्यामुळे पुण्याच्या कडेच्या आमच्या रो-हाउसच्या कॉलनीत ते अंधारेकाका म्हणूनच ओळखले जातात. कुरिअरवालेसुद्धा फाटकापाशी "अंधारे कुठे राहतात हो?" असं विचारतात आणि वॉचमन बिनदिक्कत बोट दाखवतो.

रिटायर झाल्यावर माणूस पहाटे टेकडी चढतो किंवा नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडतो. पंपाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेल्या काकांनी यातलं काही केलं नाही. ते घरामागच्या पंधरा बाय वीस फुटांच्या बागेत दुर्बीण लावून तेजोमेघांचे फोटो काढतात. बागेत कढीपत्ता आहे, जास्वंद आहे, काकूंचं अळू आहे आणि बरोब्बर मधोमध कमरेएवढा सिमेंटचा खांब आहे. त्याचा पाया तीन फूट खोल. कॉलनीच्या कुंपणालाही एवढा नाही. दुर्बीण दिवसा घरात असते, पण तिला फिरवणारं ते जडशीळ माउंट खांबावरच, पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. काकूंच्या माहेरच्या एका आत्याबाईंनी पहिल्याच भेटीत खांबाला हळदकुंकू वाहिलं. काकूंनी थांबवलं नाही. "एवढा पैसा गेलाय, निदान देव तरी असू दे," म्हणाल्या.

खांबाची जागा ठरली ती ध्रुवामुळे. माउंटचा आस पृथ्वीच्या आसाशी समांतर लागतो, म्हणजे ध्रुवाकडे रोखावा लागतो. आता आपल्या गावाचे जितके अक्षांश, तितकी आकाशात ध्रुवाची उंची. पुण्याहून तो जेमतेम साडेअठरा अंशांवर. आणि काकांच्या बागेतून नेमक्या त्या उंचीवर पलीकडच्या सोसायटीची गच्ची आहे. पाण्याची टाकी आणि सोलर हीटर यांच्या मधल्या वितीभर फटीत ध्रुव दिसतो. त्या सोसायटीने दुसरी टाकी बसवायची ठरवली, तेव्हा काका त्यांच्या मीटिंगला जाऊन बसले. सभासद नसताना. बापाच्या मांडीवरून उठवलेल्या पोराने तप करून मिळवलेलं पद दोन हजार लिटरच्या सिंटेक्सखाली जाणार होतं. गप्प कसं बसायचं?

बरं, अढळपदावर काकांचा विश्वास आहे म्हणावं, तर तसंही नाही. पुतण्याच्या लग्नात गुरुजींनी नवरानवरीला ध्रुवदर्शन घडवलं, म्हणजे प्रथेप्रमाणे हॉलच्या एसीकडे बोट केलं. काका उठले, मोबाइलवर उत्तर काढली, गुरुजींचा हात धरून पार्किंगकडे वळवला आणि वर म्हणाले, "आणि तो अढळबिढळ नाही हं. खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्त ढळलेला आहे." नवरी हसली. नवरीची आई नाही हसली.

यांची एक जमातच आहे. दोघे भेटले की मधुमेही जसे एकमेकांना साखर विचारतात, तसे हे "बॉर्टल किती?" विचारतात. आकाश किती काळं, याची ती एक ते नऊ अशी मोजपट्टी. जॉन बॉर्टल नावाच्या हौशी अमेरिकन निरीक्षकाने 2001मध्ये केलेली. एक म्हणजे निखळ काळोख, नऊ म्हणजे भर शहर. "आमच्याकडे आठ." "आमच्याकडे नऊ हो." की आठवाला नऊवाल्याच्या खांद्यावर हात ठेवतो.

आता या माणसाच्या नशिबी काय काय आहे बघा. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळा महाराष्ट्र मृगाच्या पावसाची वाट बघत असतो, तेव्हा काका ताडपत्री बांधत सुतक पाळतात. त्यांचा मृग डिसेंबरात उगवतो. कोजागरीला कॉलनी गच्चीवर मसाला दूध पिते, काका पडदे ओढून घरात बसतात, कारण पौर्णिमेच्या चंद्राइतका निर्लज्ज दिवा दुसरा नाही. भिंतीवरच्या 'कालनिर्णय'मध्ये ते अमावास्यांना लाल गोल करतात. नवी कामवाली ते गोल आणि बागेतला हळदकुंकवाचा खांब बघून दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

सगळ्यात क्रूर थट्टा दिवाळीची. पाऊस संपलेला, हवा धुतलेली, रात्र लांबलेली आणि वर अमावास्या. अशी रात्र वर्षातून एकदा येते आणि तिचं नाव लक्ष्मीपूजन. त्याच रात्री चाळीस घरांवर चाळीस आकाशकंदील, कठड्यांवर चिनी माळा आणि वर फटाक्यांचा धूर. काका फराळाचं ताट घेऊन मागच्या पायरीवर बसतात आणि चकली अशी मोडतात, की ऐकणाऱ्याला गहिवरून यावं.

एरवीच्या रात्रीही शत्रू काही कमी नाहीत. रस्त्यावर जुने पिवळे सोडियमचे दिवे होते, तेव्हा काका त्यांना शिव्या द्यायचे. आता पांढरे एलईडी आल्यावर त्यांची आठवण काढून हळवे होतात. सोडियमचा उजेड रंगपट्टीवर एका चिंचोळ्या जागी बसतो, 589 नॅनोमीटरच्या आसपास; फिल्टर लावला की त्याला बाहेर ठेवता येतं. "गुणी दिवा होता हो. आपली पायरी ओळखून होता. हा एलईडी म्हणजे सगळीकडे नाक खुपसणारा." म्हणून काका आता फक्त हायड्रोजन, गंधक आणि प्राणवायूचा उजेड आत घेतात; हायड्रोजनचा लाल, 656 नॅनोमीटरचा. बाकी सगळ्यांना दार बंद. तरी समोरच्यांचा पोर्चमधला बल्ब सुटत नाहीच. मृगातल्या बाणाखालचा तो प्रसिद्ध तेजोमेघ तेराशे प्रकाशवर्षांहून लांब. तिथून उजेड निघाला तेव्हा इकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. इतकी मजल मारून तो काकांच्या कढीपत्त्यापर्यंत येतो आणि शेवटच्या दहा फुटांत नऊ वॉटच्या बल्बकडून मार खातो. गेल्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात 'विषय क्र. 7 : अंधाराबाबत अर्ज' अशी नोंद आहे. त्यापुढे 'चर्चा झाली' एवढंच.

एका जानेवारीत मी त्यांच्यासोबत रात्र काढली. माकडटोपी, मफलर, कपाळावर लाल टॉर्च. लाल का, तर अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. मी नकळत मोबाइल उघडला, तर काका असे ओरडले की मला वाटलं विंचू दिसला.

दुर्बीण दोन मजली असते. खालची मोठी, ती फोटो काढते. तिच्या पाठीवर एक छोटी बसवलेली, तिला फोटोशी काही देणंघेणं नाही. तिने एक तारा धरायचा आणि रात्रभर त्याच्यावरून नजर काढायची नाही. आकाश तासाला पंधरा अंश सरकतं, मोटर दुर्बिणीला त्याच गतीने सोबत नेते. पण मोटरच्या दातेरी चाकांत बारीकशी खोट असतेच. तारा जरा हलला की छोटी दुर्बीण कॉम्प्युटरला चहाडी करते आणि कॉम्प्युटर मोटरला कान धरून जागेवर आणतो. दर दोन सेकंदांनी. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी कॉलनीतल्या तरुण मुलींच्या बाबतीत हेच काम करतात, तेही बिनविजेचं.

लॅपटॉपवर लाल आणि निळी अशा दोन रेघा धावत होत्या. काका आयसीयूच्या बाहेर बसल्यासारखे त्यांच्याकडे बघत होते. "चूक एका विकलेच्या आत आहे," ते कुजबुजले. विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. पाच रुपयांचं नाणं पाच किलोमीटरवर धरलं, तर साधारण तेवढं दिसेल. मी दबून श्वास घेऊ लागलो. दोन चाळीसला लाल रेघ एकदम वर उडाली, निळी खाली गेली आणि 'तारा हरवला' असा भोंगा वाजला. काकांनी टॉर्च मारला. दुर्बिणीच्या तोंडाभोवती दव धरू नये म्हणून एक गरम पट्टा गुंडाळलेला असतो, त्याला पाठ टेकून कॉलनीतली मांजर निवांत बसली होती. काका आवाज न चढवता म्हणाले, "मनीबाई, उतरा." त्या आवाजात काकूंशी बोलताना मी त्यांना ऐकलेलं नाही.

पाच-पाच मिनिटांचे साठ फोटो झाले. पहाटे काकांनी दुर्बिणीला झाकण लावलं आणि पुन्हा फोटो काढायला बसले. काकू चहा घेऊन आल्या. "अहो, झाकण राहिलंय."

"मुद्दाम लावलंय. डार्क घेतोय. कॅमेऱ्याचा स्वतःचा कचरा नुसत्या अंधारात कसा दिसतो, ते टिपायचं आणि मग खऱ्या फोटोतून वजा करायचं."

"म्हणजे रात्रभर उजेडाचे फोटो काढलेत, आता अंधाराचे. मग दोन्ही वजा करून खाली काय उरतं?" काकू म्हणाल्या आणि कप ठेवून गेल्या. उजाडल्यावर दुर्बिणीच्या तोंडावर काकांचं मुंजीतलं पांढरं धोतर चारपदरी ताणून आणखी तीस फोटो झाले, भिंगावरची धूळ मोजायला. ते बघायला मात्र काकू थांबल्या नाहीत.

काकू फारच बोलल्या तर काका ईलिंगच्या कॉमनचं अस्त्र काढतात. तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपरने 1880मध्ये अमेरिकेत काढला, तोही मृगातल्याच तेजोमेघाचा, 51 मिनिटं कॅमेरा उघडा ठेवून. पण त्याच तेजोमेघाचा 1883चा जो फोटो गाजला, ज्यात डोळ्याला दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले, तो अँड्र्यू एन्स्ली कॉमनने काढला लंडनच्या ईलिंग उपनगरात, आपल्या घराच्या बागेत, 36 इंची आरशाच्या दुर्बिणीने. पुढच्या वर्षी त्याला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. "आणि पेशाने कोण होता? सॅनिटरी इंजिनिअर! ड्रेनेजवाला!" इथे काकांचा आवाज चढतो, पंप आणि ड्रेनेज ही सख्खी भावंडं. काकू विचारतात, "त्याच्या बायकोला अळू लावायला जागा होती का?" इतिहास यावर गप्प आहे, आणि काकाही.

महिन्याभराने फोटो तयार होतो. मूळचा राखाडी डाग ताणून, घासून, रंगवून असा काही उमलतो की मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा खरोखर बोललो नाही. काका प्रिंट घेऊन घरोघर जातात. तिथे त्यांना दोन प्रश्न ठरलेले. पहिला : "हे रंग खरे आहेत का हो?" यावर काका गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, प्राणवायू निळा, हबलवालेसुद्धा असेच रंग भरतात, असं समजावू लागतात आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'म्हणजे खोटे' असं उमटत जातं. दुसरा प्रश्न खरं तर प्रश्न नसतो. "गूगलवर याहून मस्त मिळतात की!" काका प्रिंटची सुरळी करतात, रबर लावतात आणि चहा न घेता निघतात.

परवा मात्र भलतंच झालं. मृगाशेजारच्या रोझेट तेजोमेघावर काकांचे सहा तास जमले होते, दोन बाकी होते. रात्री अकराला ट्रान्सफॉर्मरमधून ठो आवाज आला आणि आमची कॉलनी, पलीकडची सोसायटी, हमरस्ता, सगळं गुडुप झालं. माणसं बाहेर आली. वर बघितलं आणि कुणी आत जाईना. मृग, व्याध, कृत्तिका सगळं एकदम अंगावर आल्यासारखं. वॉचमन परभणीकडचा. ईशान्येला बोट करून समोरच्यांच्या नातीला सांगू लागला, "ते बघ खाटलं. चार खूर, आन् मागं तीन चोर." पोर्चवाले गृहस्थ मान दुखेपर्यंत वर बघत होते. "हे रोज असतं?" त्यांनी विचारलं.

आणि एवढ्यात काकांच्या बागेत लख्ख पांढरा उजेड पडला. इन्व्हर्टर काकूंच्या फ्रिजला आणि पंख्याला. बागेची लाइन त्यावर घेतलेलीच नव्हती. मोटर बंद, कॅमेरा बंद, दोन्ही रेघा गायब. लाल टॉर्चचे सेलही आजच संपलेले. काका मोबाइलचा फ्लॅश लावून कढीपत्त्याखाली बॅटरीची वायर शोधत होते आणि त्या झोतात अख्खी गल्ली न्हाऊन निघाली होती.

पोर्चवाले कठड्यावरून वाकले आणि ओरडले, "अंधारेकाका! लाइट बंद करा!"