देखावा पाटबंधारे खात्याचा

पावसाळ्यात कोल्हापूरकर राधानगरी-दाजीपूरला जातो तो निसर्ग बघायला, असं तो घरी सांगतो आणि फोटोखाली लिहितोही. त्याचं म्हणणं निम्मंच खरं आहे. डोंगर निसर्गाचे, धुकं निसर्गाचं, गवा तर निसर्गाचाच (खात्री करून घ्यायला जवळ जाऊ नये). पण ज्याला पाठ करून फोटो काढायचा ते पाणी सरकारी आहे. सह्याद्रीनं पाऊस उदंड दिला, तळी द्यायची मात्र राहून गेली. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिमनद्यांनी दऱ्या कोरून ठेवल्या आणि त्यांत आयतं पाणी साचलं. आपल्याकडं हिमनदी फिरकलीच नाही, म्हणून ते काम शाहू महाराजांना अंगावर घ्यावं लागलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी भोगावती अडवायला घेतली, पुढं पैसा अपुरा पडला, काम रखडलं आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. हिमनदीला निधीची अडचण तरी नसते.

माणसानं केलेला देखावा नकली, असं म्हणणारे शुद्धतावादी असतातच. त्यांनी थर्लमीअरचं काय करायचं ते ठरवावं. कवींच्या त्या लाडक्या प्रदेशातलं हे सरोवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मँचेस्टरच्या नळांसाठी बांध घालून वाढवलं गेलं. तेव्हा मोठा गहजब झाला आणि आता लोक त्याच्याच काठानं निसर्गाचे गोडवे गात फिरतात. शिवाय केलेल्या पाण्याकडं आपण जास्त लक्ष देतो. बर्कीचा धबधबा किती फूट, हे इथं कुणी सांगणार नाही; पण राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी आज किती उघडले, हे पानपट्टीवरही कळतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे तर पोराबाळांना पाठ. ज्या गावानं चपलेला, गुळाला नाव दिलं तसंच एका पद्धतीच्या बंधाऱ्यालाही दिलं, त्यानं बरगे घालून अडवलेल्या पाण्याला परकं का मानावं?

एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अशा पाण्याखाली गावं जातात, आणि ज्यांची शिवारं गेली त्यांना काठावरून देखावा दाखवण्यात अर्थ नसतो. तिथं आपण सौंदर्याच्या गप्पा मारू नयेत, एवढंच उत्तर आहे.

राहिली उन्हाळ्याची तक्रार. मे महिन्यात तलाव आटतो, काठाला तांबड्या मातीचा पट्टा उघडा पडतो आणि पर्यटक हिरमुसतो. पण देखावा चोरीला गेलेला नसतो, आवर्तनानं खाली उसाला सोडलेला असतो. पर्यटक धरणाच्या नावानं बोटं मोडत टपरीवर बसतो आणि त्याच पाण्यावर पोसलेली साखर चहात घालून वर आणखी एक चमचा मागतो.